वाचक विचारतात: पावसाविना टिकलेलं मातीचं शहर

प्रश्न: दादा, आमचं गावातलं घर धाब्याचं. दर वर्षी मिरगाच्या आधी वरती खारी टाकतो तरी एखाद्या कोपऱ्यात गळतंच. परवा मोबाईलवर पेरू देशातल्या मातीच्या शहराचा व्हिडिओ पाहिला, म्हणे समुद्राकाठीच आहे. मग इतकी शेकडो वर्षं त्या भिंती टिकल्या कशा भो? आणि जायचंच ठरवलं तर अजून काय बघायचं? (एक वाचक, चोपडा)

उत्तर: भाऊ, ते चान चान. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर त्रुहियो शहर आहे, त्याला लागूनच. समुद्र म्हटलं की आपल्याला कोकणातला पाऊस आठवतो पण तिथं हम्बोल्ट नावाचा थंडगार प्रवाह किनाऱ्याला घासून जातो त्यामुळे ढग येतात, धुकं येतं आणि पाऊस काही पडत नाही, म्हणजे समोर समुद्र अन् मागे वाळवंट! म्हणून टिकलं. चिमू लोकांची ही राजधानी, जवळजवळ 20 चौरस किलोमीटर, सगळी कच्च्या विटांची. 1470 च्या सुमारास इंका लोकांनी जिंकून घेतली. भिंतींवर मासे, पक्षी, जाळ्याची नक्षी अशी मातीतच कोरलीय की बघत राहावं.

पण एल निनोच्या वर्षी समुद्र तापतो आणि मग तिथं धो धो कोसळतो, 2017 साली तर त्रुहियोच्या रस्त्यांवरून चिखलाचे लोंढे गेले. आपल्याकडे एल निनो म्हणजे दुष्काळाची धास्ती, त्यांच्याकडे उलटं. 1986 ला युनेस्कोने चान चान जागतिक वारशात घेतलं आणि त्याच वर्षी धोक्याच्या यादीतही टाकलं. म्हणजे गळक्या धाब्याची काळजी तिथंही आहेच.

मला स्वतःला जास्त भावतं ते त्यांचं पाणी. पांझरेवर आपले फड बंधारे आहेत ना, पाट आणि पाटकरी, तसंच डोंगरातून येणाऱ्या नद्यांचं पाणी कालव्यांनी वळवून हे लोक वाळवंटात शेती करायचे. शेजारच्या चिकामा खोऱ्यातून पाणी आणायला 70 किलोमीटरच्या वर कालवा खणला, त्यात पाणी शेवटपर्यंत पोचलं की नाही यावर अभ्यासक अजून भांडताहेत. (इथं कोणाला आपल्याकडची एखादी योजना आठवली तर मी काही बोललो नाही.)

चिमूंच्याही आधीच्या मोचे लोकांची दोन देवळं जवळच आहेत, सूर्याचं आणि चंद्राचं. चंद्राच्या देवळात भिंतीवरचे रंग अजून दिसतात, ते चुकवू नका. सूर्याचं मात्र अर्धंअधिक गेलं, सोन्याच्या नादात स्पॅनिशांनी 1602 साली अख्खी नदीच त्यावर वळवली. मातीवर पाणी सोडलं, काय राहणार! संध्याकाळी वांचाकोच्या किनाऱ्यावर जा, लव्हाळ्यासारख्या गवताच्या होड्या तिथं उभ्या करून वाळत घातलेल्या असतात, कोळी त्यावर घोड्यासारखे बसतात म्हणून नावच 'छोटे घोडे'.

प्रश्न: तिकडं जेवायचं काय? आम्हाला मिरचीशिवाय घास उतरत नाही. (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर: ताई, मिरची मुळात अमेरिका खंडातलीच, पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणली, तेव्हा काळजी सोडा. तिथं मिरचीला 'अहि' म्हणतात. मासे खात असाल तर सेविचे, म्हणजे कच्चा मासा लिंबाच्या रसात मुरवलेला, वर कांदा-मिरची, बाजूला रताळं आणि मका, आणि हे दुपारीच खायचं. शाकाहारी असाल तर उकडलेल्या बटाट्यावर पिवळी मिरची नि चीजचा दाट रस्सा घालून देतात ते मागवा, फक्त वर अंडं असतं, नको असेल तर आधीच सांगा.