सांगलीहून आम्ही दोघे कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर बेटावर जात आहोत. मार्गदर्शकाशिवाय किनाऱ्यावरून डाइव्हची (हवेची टाकी पाठीवर घेऊन पाण्याखाली जाण्याची) आखणी कशी करावी?

आपण दोघेही प्रमाणित डायव्हर आहात असे धरून लिहितो. बोनेरच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या रस्त्याकडेला डाइव्हच्या जागांची नावे पिवळ्या रंगवलेल्या दगडांवर लिहिलेली दिसतात; मात्र सागरी उद्यानाचे शुल्क भरून आधी तिथली सक्तीची परिचय-डाइव्ह (तिथल्या पाण्याची ओळख करून देणारी पहिली डाइव्ह) करावी लागते. कृष्णेत पट्टीचे पोहणारे असलात, तरी समुद्राचा प्रवाह काठावरून नीट जोखता येत नाही. म्हणून सुरुवात प्रवाहाविरुद्ध करावी आणि टाकीतला एक तृतीयांश वायू जाताना वापरावा, एक तृतीयांश परतीसाठी, तर उरलेला एक तृतीयांश केवळ अडचणीसाठी राखावा. पायाखाली खडबडीत प्रवाळखडक असल्याने जाड तळाचे बूट हवेतच. गाडीत मौल्यवान काही ठेवू नये. सलग काही दिवस डाइव्ह केल्यास शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा. त्यामुळे परतीचे तिकीट त्या हिशेबानेच काढावे.