परदेशात वाढलेली स्थलांतरितांची मुले लग्न आपल्यातच करतात की बाहेर?

आपण विचारले आहे की, निरनिराळ्या देशांतून येऊन स्थायिक झालेल्यांची मुले पुढे आपल्याच समाजात लग्न करतात की एकमेकांत मिसळतात. माझ्या मते, आपल्यातली घरे आसपास किती आहेत यावर ते बरेचसे ठरते. आईवडिलांच्या इच्छेचा क्रम त्यानंतर लागतो.

मी रत्नागिरीचा, म्हणून उदाहरणही इथलेच देतो. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा 1886 ते 1916 अशी तीस वर्षे येथे नजरकैदेत होता. त्याच्या चार मुली याच गावात वाढल्या, मराठी बोलू लागल्या. पण राजकन्यांना साजेसे स्थळ रत्नागिरीत मिळणार कोठून? थोरलीला वाड्यावर नोकरीस असलेल्या, आधीच विवाहित अशा गोपाळ सावंत यांच्यापासून टूटू ही मुलगी झाली. दुसरीने ब्रह्मी माणसाशी लग्न केले आणि धाकट्या दोघींची लग्ने मायदेशी परतल्यावर झाली. टूटू मात्र रत्नागिरीतच पवारांच्या घरात नांदली. याउलट रायगड किनाऱ्यावरचे बेने इस्रायली, म्हणजे तिथले ज्यू लोक, पेणकर, नवगावकर अशी आडनावे लावत, घरात मराठी बोलत, तरीही सोयरीक शतकानुशतके आपल्यातच करत, कारण धर्म वेगळा होता आणि गावोगाव घरेही पुरेशी होती.

अमेरिकेत जन्मस्थानाने मोठा फरक पडतो. प्यू रिसर्च सेंटर या तिथल्या सर्वेक्षण संस्थेच्या अहवालानुसार 2015 साली नवविवाहित आशियाईंपैकी परदेशात जन्मलेल्या 24 टक्के, तर अमेरिकेतच जन्मलेल्या 46 टक्के लोकांचा जोडीदार दुसऱ्या वंशाचा होता.

या आकड्यांत एक गोम आहे. माझ्या न्यू जर्सीत जन्मलेल्या भाचीने कोरियन आईवडिलांच्या मुलाशी लग्न केले. गेल्या मे महिन्यात तो आमच्या पडवीत बसून, हाताला खोबरेल लावून फणसाचे गरे सोडवत होता, तेव्हा आईने भाचीला विचारले, "तुमचं जमलं तरी कसं गो?" लहानपणी दोघांनाही सुट्टीच्या सकाळी झोपेतून उठवून आपापल्या भाषेच्या शाळेत धाडले जाई, आणि पहिल्या भेटीत दोघे त्याच रडगाण्यावर तासभर बोलत बसले होते. आमच्या लेखी यापेक्षा परजातीतले लग्न दुसरे नाही. त्या मोजणीत मात्र भारतीय आणि कोरियन हे दोघेही 'आशियाई' या एकाच रकान्यात पडतात, त्यामुळे असे लग्न आपल्यातलेच धरले जाते.