सैनिकी वसतिशाळेत जाण्याआधी

अभ्यासाची काळजी सध्या सोड, आधी पाय सांभाळ. नवे परेडचे बूट टाचेला हमखास चावतात. घरीच जाड मोजे घालून रोज थोडा वेळ वापर, म्हणजे निघेपर्यंत चामडं सैल होईल. नवशिके पॉलिश थापतात आणि मग घासून घासून हात दुखवून घेतात. बोटाला गुंडाळलेल्या मऊ कापडावर अगदी थोडं पॉलिश घे, पाण्याचा एखादा थेंब टाक आणि बुटाच्या टोकावर लहान लहान गोल फिरव. थर पातळ हवा, वाळला की पुढचा.

परेडला सावधानमध्ये उभा असताना गुडघे ताठ आवळू नकोस. रक्त पायात साचतं, मेंदूला कमी पोचतं आणि धडधाकट पोरंसुद्धा धाडकन खाली पडतात. बुटात बोटं हळूच हलवत राहा, कुणाला दिसत नाही. उपाशीपोटी तर मैदानावर जाऊच नकोस.

घरची आठवण पीटीच्या वेळी येत नाही, तेवढी फुरसतच नसते. ती गाठते रविवारी दुपारी. तेव्हा खाटेवर लोळत पडू नकोस, सरळ खेळायला जा.

सीनियरने पलंगाची चादर पुन्हा घालायला लावली तर मुकाट्याने घाल. मारहाण किंवा पैशांची मागणी झाली तर मात्र त्याच दिवशी हाउसमास्तरांना, म्हणजे तुमची वसतिशाळा सांभाळणाऱ्या शिक्षकांना, सांग. त्याला चुगली म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस.

आणि हो, मोज्यांवरसुद्धा नाव घाल. धुलाईत पहिले तेच हरवतात.