वाचकांचे प्रश्न : हीटरची तार, तिचे किरण आणि तिच्यातली वीज

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून थंडीच्या दिवसांत त्या रोज रात्री बराच वेळ कॉइलच्या हीटरजवळ पाय शेकत बसतात. लाल झालेल्या तारेतून रेडिएशन बाहेर पडते आणि त्यामुळे कर्करोग होतो, असे शेजारी सांगतात. यात किती तथ्य आहे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तापलेल्या तारेतून किरण निघतात हे खरेच आहे, खोली ऊबदार होते ती बऱ्याच अंशी त्यांच्यामुळेच. परंतु हे किरण क्ष-किरणांच्या किंवा अणुभट्टीतल्या किरणोत्सर्गाच्या जातीचे नव्हेत. हीटरची तार बहुधा नायक्रोमची, म्हणजे सुमारे ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम अशा मिश्रधातूची असते. अल्बर्ट मार्श या अमेरिकी धातुतज्ज्ञाला १९०६ साली तिचे पेटंट मिळाले. विजेला तिचा विरोध तांब्याच्या साठपट असतो आणि तापल्यावर तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो, त्यामुळे ती लाल होऊनही लवकर जळून जात नाही. यातला कोणताही धातू किरणोत्सारी नाही आणि वीज खेळवल्याने तो तसा होतही नाही. गंमत अशी, की लग्नाच्या वरातीत आणि भजनांत वर्षानुवर्षे मिरवलेल्या पेट्रोमॅक्सच्या जाळीत थोरियम असे, ती खरोखर किरणोत्सारी होती, आणि तिच्याविषयी मात्र कोणी चिंता केल्याचे ऐकिवात नाही.

सुमारे ९०० अंश सेल्सियसला तापलेल्या तारेची जवळजवळ सगळी ऊर्जा अवरक्त (इन्फ्रारेड), म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांच्या रूपाने बाहेर पडते. त्यांतल्या सर्वांत प्रबळ किरणांची तरंगलांबी अडीच मायक्रोमीटरच्या आसपास असते. अशा किरणाचा एक कण साधारण अर्धा इलेक्ट्रॉन व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचे अतिसूक्ष्म माप) इतकी ऊर्जा आणतो. शरीरातल्या रेणूमधून इलेक्ट्रॉन उडवून लावायचा, तर त्याच्या वीसपट ऊर्जा एकाच कणाजवळ असावी लागते. त्यामुळे पेशीतील गुणसूत्रांची मोडतोड करण्याचे जे सामर्थ्य क्ष-किरणांत असते, ते या किरणांत नाही.

तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राचाही विचार करायला हवा, कारण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली विजेच्या तारांभोवतीच्या अशा क्षेत्रांना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातले आणि भीतीला बरेचसे खतपाणी तेथूनच मिळाले. त्या निर्णयामागे प्रामुख्याने लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाची पाहणी होती आणि तीही घरातले सरासरी क्षेत्र ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाहून (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) अधिक असलेल्या थोड्या मुलांची. कार्यकारणसंबंध तीत सिद्ध झालेला नाही. १००० वॉटच्या हीटरमधून सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह वाहतो. तो एकाच सरळ तारेतून जातो असे धरले, तरी एक फुटावर क्षेत्र ३ मायक्रोटेस्लाच्या आत राहते, आणि येणारा-जाणारा प्रवाह शेजारी असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी भरते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी २०१० मध्ये जनतेसाठी ठरवलेली मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे. तेव्हा दिवसातून तासभर हीटरसमोर बसणाऱ्या आजींनी या क्षेत्राची धास्ती घेण्याचे कारण दिसत नाही.

धास्ती घ्यावी ती साध्या उष्णतेची. त्वचा भाजणार नाही इतपतच, पण त्याच जागी महिनोन्‌महिने ऊब लागत राहिली, तर तेथे जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग उमटतात आणि फार वर्षांनी त्या जागी क्वचित त्वचेचा कर्करोगही होऊ शकतो. काश्मिरात फिरनच्या (सैल, लांब अंगरख्याच्या) आत निखाऱ्यांची कांगडी, म्हणजे छोटी शेगडी, धरून बसणाऱ्यांना मांड्यांवर आणि पोटावर होणारा कर्करोग डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. सासूबाईंच्या नडग्यांवर असे डाग दिसू लागले असतील, तर ते त्वचारोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावेत. हीटर किमान मीटरभर लांब ठेवावा, त्याचा झोत सतत एकाच अंगावर येऊ देऊ नये, आणि त्यांना मधुमेह असेल तर अधिकच जपावे, कारण पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला आपण भाजत आहोत हे वेळेवर कळत नाही. विजेच्या ब्लँकेटचे तेच आहे : अंथरूण आधी गरम करून घ्यावे आणि झोपण्यापूर्वी बटण बंद करावे.

प्रश्न : वसतिगृहाच्या खोलीत आमची उघड्या कॉइलची शेगडी आहे. कॉइल तुटली की आम्ही दोन्ही टोके पिळून जोडतो. त्यात धोका आहे का? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : आहे, आणि तो आकड्यांत मांडता येतो. १००० वॉटच्या कॉइलचा तापलेल्या अवस्थेतला विरोध सुमारे ५३ ओहम असतो. जळलेला भाग काढून टाकताना ती एक पंचमांशाने आखूड झाली, तर विरोध ४२ ओहमवर येतो आणि शक्ती १२५० वॉटवर जाते. ही वाढीव उष्णता कमी लांबीच्या तारेला सोसावी लागते, म्हणजे प्रत्येक सेंटिमीटरवरचा भार दीडपटीहून जास्त होतो. शिवाय पिळाच्या जागी धातूंचा संपर्क सैल असल्याने तेथे ठिणग्या पडतात आणि तार पुन्हा तेथेच तुटते. कॉइल बदलणेच योग्य. त्याहून मोठी गोष्ट ही, की चालू शेगडीच्या उघड्या तारेत २३० व्होल्टची वीज खेळत असते; दूध उतू गेले, चमचा किंवा पातेल्याची कड तारेला टेकली, तर ती वीज थेट हाताशी येते. अशी शेगडी बंद करून झाकलेल्या तारेची हॉटप्लेट घ्यावी, असेच मी सुचवीन.

प्रश्न : बोअरच्या पाण्यामुळे आमच्या पाणी तापवायच्या रॉडवर पांढरा थर बसतो. त्याने पाणी बाधते का? शिवाय बादलीत हात घातल्यावर कधी कधी झिणझिण्या येतात. (एक वाचक, कराड)

उत्तर : पांढरा थर प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि त्यामुळे अंघोळीचे पाणी बाधत नाही, परंतु तो उष्णता अडवतो, त्यामुळे आतली तार अधिक तापते आणि नळी लवकर खराब होते. रॉड थंड असताना, प्लग काढून, व्हिनेगरने किंवा लिंबाने तो साफ करावा.

झिणझिण्यांकडे मात्र आजच लक्ष द्यावे. रॉडमध्ये नायक्रोमची तार धातूच्या नळीत असते आणि दोहोंच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. ही पूड उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते, पण नळीला चीर गेली की ओलावा शोषते आणि वीज पाण्यात उतरते. नळी अर्थिंगला जोडलेली असेल, तर ही गळती जमिनीत जाते. प्लगची तिसरी पिन कापली असेल, दोन पिनांचा ॲडॉप्टर लावला असेल किंवा घरातील अर्थिंग नावापुरतेच असेल, तर तिला तुमच्या हातातून वाट मिळते. पुष्कळ जण ‘एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारे बटण) आहे ना’ म्हणून निर्धास्त असतात. परंतु १६ अँपिअरचा एमसीबी तारा जळू नयेत म्हणून बसवलेला असतो, आणि ३० मिलिअँपिअर, म्हणजे त्याच्या पाचशेव्या हिश्श्याहूनही कमी प्रवाह, माणसाच्या जिवावर बेतू शकतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, वेगळा बसवावा लागतो. हा रॉड पुन्हा वापरू नये, आणि नवा घेण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. नव्या रॉडवर आयएसआय चिन्ह असावे, तो १६ अँपिअरच्या सॉकेटला लावावा, त्याच्यावरील खुणेपर्यंत पाणी भरल्याशिवाय बटण दाबू नये, आणि पाणी तापले की आधी बटण बंद करून प्लग काढावा, मगच बादलीला हात लावावा. लोखंडी किंवा पितळी बादली टाळावी. प्लॅस्टिकच्या बादलीत रॉड कडेला टेकू देऊ नये.

प्रश्न : विजेच्या गीझरमुळे न्हाणीघरात गुदमरायला होते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. विजेच्या तारेत काहीही जळत नाही, त्यामुळे प्राणवायू खर्च होत नाही आणि विषारी वायूही तयार होत नाही. बंद न्हाणीघरात गुदमरून मृत्यू होतात ते गॅसच्या गीझरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडमुळे. त्या वायूला रंग नाही आणि वासही नाही. म्हणून गॅसचा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा.