इराणमधल्या जुन्या घरांत दारातून थेट अंगण का दिसत नाही?

घरातल्या बायकामाणसांवर परक्याची नजर पडू नये, म्हणून. दार उघडलं की आधी ‘हश्ती’ लागते, म्हणजे बहुधा अष्टकोनी देवडी, आणि तिथून वळणाचा बोळ अंगणात जातो. दार ठोठावायलाही दोन सोयी असत: पुरुषांसाठी जड दांडा, बायकांसाठी हलकी कडी. आवाजावरून दार कोणी उघडायचं ते ठरे. मला ही युक्ती फारच सुंदर वाटते. काशानच्या तबातबाई वाड्याचा (१९वं शतक) नकाशा पाहा, पाहुण्यांचं ‘बिरूनी’ आणि कुटुंबाचं ‘अंदरूनी’ अशी वेगळी अंगणं त्यात स्पष्ट दिसतात. मात्र एवढी विभागणी श्रीमंतांनाच परवडे. साध्या घरात सगळं एकाच अंगणाभोवती चाले, फार तर एखादी खोली पाहुण्यांसाठी राखून ठेवत.