‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ हा गेम वॉकथ्रू, म्हणजे कुणी लिहून ठेवलेली उत्तरं, न बघता सुटतो का? किती वेळ लागतो?

सुटतो. पण सुटला कशाला म्हणायचं, यावरून माझं आणि दादाचं अजून मिटलेलं नाही.

लुकास पोपने बनवलेला हा २०१८ चा गेम तुम्ही निदान सुरू केलाय असं धरते. साल १८०७, बेपत्ता झालेलं जहाज फाल्मथ बंदरात परत आलंय, आणि ईस्ट इंडिया कंपनीचे विमा-तपासनीस म्हणून त्यावरच्या ६० जणांचं काय झालं ते, मरणाच्या क्षणांचे थिजलेले प्रसंग बघत बघत, तुम्ही वहीत भरायचं. कोण, कसा मेला, कोणी मारला. तिघांचं बिनचूक जमलं की गेम ते पक्कं करतो.

खोट इथेच आहे. दोघांची खात्री असली की तिसऱ्यावर यादीतली नावं एकेक करून चिकटवत बसता येतं. दादाने चारही चिनी खलाशी असेच काढले. मी शेजारीच बसले होते. हे नाव घाल, नाही लागलं, ते घाल. लागलं की माझ्याकडे बघून भुवया उडवायच्या. वर, “अगं, गेमच करू देतोय ना? मग कॉपी कसली?”

आता ऐका. खाली डेकवर खलाशी हॅमॉकमध्ये, म्हणजे टांगलेल्या झोळ्यांत, झोपलेत असा एक प्रसंग आहे. हॅमॉकला नंबर लावलेत, आणि खलाशांच्या यादीतही नावापुढे तेच नंबर आहेत. तोंडं दिसत नाहीत, पण पाय बाहेर आलेत. कुणाचे मोजे, कुणाचे बूट. ते डोक्यात ठेवायचं आणि पुढच्या-मागच्या प्रसंगांत माणसांच्या पायांकडे बघत फिरायचं. मी तसेच काढले. नंतर दादाला दाखवलं तर म्हणतो, “एवढं कोण बघतं!” अरे, तपासनीस बघतो! त्यासाठीच तर पगार देतात त्याला.

(सुगावा नको असेल तर वरचा परिच्छेद वाचू नका. हे आधी सांगायला हवं होतं, असो.)

वहीतल्या चित्रातला चेहरा धूसर असेल तर त्याच्या मागे लागू नका, अजून पुरेसं बघून झालेलं नाही. स्पष्ट झाला की ओळखण्यापुरतं सगळं तुमच्यासमोर येऊन गेलंय, मग अंदाजपंचे ठोकायला काही कारणच उरत नाही. तुम्हाला जहाजावर आणणारा होडीवाला वादळ येतंय म्हणून घाई करेल, करू दे. अर्धवट वही घेऊन उतरलात तर शेवटही तसाच मिळेल.

वेळ साधारण आठ-दहा तास, कोण कुठला ते बोलण्याच्या हेलावरून ओळखण्याइतकं इंग्रजी कानाला सवयीचं असेल तर. नसेल तर जास्त. गेममधल्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या चित्रांनी काहींना गरगरतं. प्रेतंही बरीच भीषण आहेत, लहान मुलांसमोर नको.

सध्या वहिनी खेळतेय. दादा मागे उभा राहून नावं सुचवायला लागला, तर तिने त्याला कुकर लावायला पाठवलं.