चर्चमध्ये शेवटचा शब्द कुणाचा, पाळकाचा की बायबलचा?

तुम्ही लिहिलंय की मैत्रिणीच्या लग्नासाठी पहिल्यांदाच चर्चमध्ये गेलात आणि तिथे सगळं बायबल उघडूनच चाललं होतं. म्हणून तुमचे दोन प्रश्न: चर्चमध्ये बायबलचा अधिकार पाळकापेक्षाही मोठा असतो का? आणि ख्रिस्ती माणसं त्यातला शब्द न् शब्द जसाच्या तसा मानतात का?

मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढले. घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. सतरा वर्षं शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, मुलांना शिकवते आहे. आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चचा समुदाय, प्रॉटेस्टंट परंपरेतली, त्यामुळे माझं उत्तर आधी तिथलं. कॅथलिकांचं थोडं वेगळं आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, पाळकापेक्षा मोठा. हे मला कुठल्या पुस्तकातून कळलं नाही, मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

मी नववीत होते. चर्चच्या छपराच्या दुरुस्तीसाठी वर्गणी गोळा झाली होती आणि पावसाळा संपला तरी पत्रे काही आले नव्हते. उपासना संपल्यावर सभेत कुणीतरी हिशेब विचारला. तेव्हाचे आमचे पाळक चिडले आणि म्हणाले, "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका, असं शास्त्र सांगतं." अभिषिक्त म्हणजे देवाने निवडलेले. सगळे गप्प. वचनच काढलं म्हटल्यावर बोलणार कोण? तेवढ्यात मागच्या बाकावरून माझी आजी उठली. चष्म्याची एक दांडी तुटलेली, तिथे दोरा बांधलेला. तिने बायबल उघडलं, स्तोत्र १०५ काढलं आणि म्हणाली, "पाळकसाहेब, पंधरावी ओळ तुम्ही वाचली. मी बारावीपासून वाचते." आणि ओळीखाली बोट सरकवत, अडखळत, मोठ्याने वाचायला लागली. ती थोडकी माणसं होती, परकी होती, या देशातून त्या देशात भटकत होती, आणि त्यांच्यासाठी देवाने राजांना धमकावलं. वाचून झाल्यावर म्हणाली, "हे राजांना सांगितलंय, साहेब. बिनघराच्या माणसांना छळू नका म्हणून. हिशेब मागणाऱ्यांना नाही सांगितलेलं." मग माझ्या वडिलांना तिने करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय, वीस आणि एकवीस ओव्या (बायबलमधल्या ओळींना आम्ही ओव्याही म्हणतो) वाचायला लावल्या. तिथे पौल, येशूचा संदेश गावोगाव नेणारा प्रेषित, म्हणतो की लोकांनी दिलेल्या पैशाबाबत कुणी आम्हांला दोष देऊ नये म्हणून आम्ही जपतो, आणि फक्त देवाच्या दृष्टीने नाही तर माणसांच्याही दृष्टीने जे योग्य ते करतो.

त्या पाळकांचा मोठेपणा सांगायलाच हवा. ते थोडा वेळ खाली मान घालून बसले. पुढच्या रविवारी हिशेबाचा कागद दाराजवळच्या फळ्यावर लावलेला होता.

आजी शाळेत कधीच गेली नव्हती. चाळिशीच्या आसपास, संध्याकाळच्या वर्गात, तिने बायबलवरच अक्षरं गिरवली. तिच्याकडे पद नव्हतं, शिक्षण नव्हतं, मंडळीत तिला 'वडील', म्हणजे कारभार पाहणारी ज्येष्ठ, म्हणून कुणी निवडलंही नव्हतं. पण पाळकाच्या हातात होतं तेच पुस्तक तिच्याही हातात होतं, तेही तिच्या भाषेत. बायबलचा अधिकार म्हणजे मला तरी हाच दिसतो. ज्याने वाचून दाखवायचं, त्याच्याही वर ते आहे. पुस्तकातच याचं उदाहरण आहे. प्रेषितांच्या कृत्यांत, सतराव्या अध्यायात, बिरुया गावची माणसं येतात. प्रत्यक्ष पौल येऊन सांगतो ते खरं की नाही, हे ती रोज शास्त्र उघडून तपासायची. आणि लेखक त्यांना उद्धट म्हणत नाही, मोठ्या मनाची म्हणतो.

हे आमच्या गावापुरतं नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा निरनिराळ्या परंपरांच्या सहा मंडळ्या एकत्र आल्या. कुणी लहान बाळांना बाप्तिस्मा (पाण्याने ख्रिस्ती दीक्षा) देणारे, कुणी न देणारे, कुणी बिशप मानणारे, कुणी न मानणारे. एवढे मतभेद असताना एकत्र कसे राहणार? त्यांच्या घटनेत शास्त्रलेख हे विश्वासाचं सर्वोच्च आणि निर्णायक प्रमाण मानलं आहे. त्या शिकवणीप्रमाणे चर्चने स्वतःला सुधारायला नेहमी तयार असलं पाहिजे, असंही त्यात आहे. हे दुसरं वाक्य मला फार मोलाचं वाटतं, कारण त्यात चर्च स्वतःच कबूल करतं की चूक आपलीही होऊ शकते.

या विचाराचं मूळ युरोपात सोळाव्या शतकात आहे. १५२१ मध्ये जर्मनीतल्या वर्म्स शहरात मार्टिन ल्यूथर या धर्मसुधारकाला सम्राटासमोर उभं केलं, लिखाण मागे घे म्हणून सांगितलं, आणि त्याने शास्त्राचा आधार दाखवल्याशिवाय मागे घ्यायला नकार दिला. लगेच पुढच्या वर्षी त्याचा जर्मन नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून पुढचा भाग, छापून आला. शेवटचा शब्द शास्त्राचा म्हटला की ते लोकांच्या भाषेत येणं भागच होतं. मराठीत नवा करार १८११ मध्ये छापला गेला तो श्रीरामपूरला (बंगालमधल्या, आमच्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे). विल्यम कॅरी आणि त्यांच्याबरोबर काम करणारे पंडित वैजनाथ शर्मा यांचं ते काम.

पण मराठीत या अधिकाराचा खरा कस लागला तो पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात, असं माझं मत आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या भगिनींची (ख्रिस्ती संन्यासिनींची) अपेक्षा होती की चर्च शिकवील ते सगळं रमाबाईंनी निमूट मानावं. त्यांनी मानलं नाही. त्यांची पत्रं आज छापलेली मिळतात. त्यांतलं म्हणणं थोडक्यात असं: मी ख्रिस्ताच्या मंडळीची आहे, पण धर्मगुरू आणि बिशप यांच्या तोंडून पडेल तो प्रत्येक शब्द मानायला मी बांधलेली नाही. शास्त्र मी स्वतः वाचीन. एका परंपरेतल्या शास्त्रीपंडितांचा अधिकार नाकारून आलेली ही बाई दुसऱ्या परंपरेतल्या पुरोहितांपुढे तरी का झुकेल?

आणि त्या नुसत्या भांडल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून अख्खं बायबल मराठीत आणायला त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं घातली. आधीची भाषांतरं त्यांना संस्कृतप्रचुर वाटायची, खेड्यातल्या बाईच्या डोक्यावरून जाणारी. शिवाय कित्येक शब्दांमागे वेदान्ताचे अर्थ चिकटलेले. त्यांना साध्या बाईला कळेल असं बायबल हवं होतं. मुक्तीतल्या स्त्रियाच छपाईचे खिळे जुळवायच्या, त्याच छापायच्या. ज्यांना दुष्काळातून, घरच्या छळातून तिथे आसरा मिळाला, त्यांच्या हातांनी ते पुस्तक तयार झालं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. काम त्यांनी पुरं केलं होतं, पण संपूर्ण बायबल बाहेर आलेलं त्यांनी पाहिलं नाही. पाळकांना ओव्या वाचून दाखवणारी माझी आजी मला याच बायकांच्या रांगेतली वाटते.

कॅथलिक चर्चमध्ये शास्त्राबरोबर पवित्र परंपराही मानतात, आणि दोन्हींचा अधिकृत अर्थ सांगण्याची जबाबदारी पोप आणि बिशप यांच्यावर असते. त्यांच्या बायबलमध्ये पुस्तकंही ७३ आहेत, आमच्यात ६६. पण याचा अर्थ तिथे बायबलला कमी लेखतात असा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६५ मध्ये स्पष्टच लिहिलं की शिकवण्याचा हा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, तो वचनाचा सेवक आहे. त्यानंतर मिस्सामधल्या (कॅथलिक उपासनेतल्या) वाचनांचं तीन वर्षांचं चक्र आलं आणि रविवारी कानावर पडणारं शास्त्र कितीतरी वाढलं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी तर आयुष्यातली कित्येक वर्षं मराठी बायबलसाठी दिली.

आता तुमचा दुसरा प्रश्न, शब्द न् शब्द. इथे ख्रिस्ती लोकांत एकमत नाही. काही मंडळ्या सृष्टीचे सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचेच दिवस धरतात. आमच्यासारखे अनेक जण विचारतात की हे काव्य आहे, इतिहास आहे, पत्र आहे की बोधकथा? स्तोत्रात डोंगर मेंढ्यांसारखे उड्या मारतात म्हणून कुणी भूगोल बदलत नाही. एकच ओळ सुटी काढून वापरली की काय होतं ते जगाने पाहिलंय. अमेरिकेत गुलामांच्या मालकांनी इफिसकरांस पत्रातली 'दासांनो, आज्ञा पाळा' ही ओळ वर्षानुवर्षं वापरली. आणि त्याच बायबलमधून, मिसर देशातून (इजिप्तमधून) सुटलेल्या गुलामांची कथा गात, गुलाम स्वातंत्र्य मागत होते. एका ठिकाणी पौल बायकांनी मंडळीत गप्प राहावं असं लिहितो, दुसऱ्या ठिकाणी ख्रिस्तात पुरुष आणि स्त्री असा भेद नाही असंही लिहितो, आणि येशू उठल्याची पहिली बातमी घेऊन धावते ती मग्दालीया मरीया ही त्याची शिष्या. आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रिया पाळक होतात ते बायबल बाजूला ठेवून नाही, सगळं बायबल समोर ठेवून.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. आम्ही बायबलची पूजा करत नाही. पोथीसारखं सोवळ्यात गुंडाळून ठेवत नाही. पेन्सिलीने खुणा करतो, समासात तारखा लिहितो, मुलं आजारी पडल्याच्या, नोकरी लागल्याच्या. आमच्या दृष्टीने देवाचा खरा 'शब्द' येशू आहे. योहानाच्या पहिल्या अध्यायात 'शब्द देही झाला' असं म्हटलंय ते त्याच्याबद्दल. आणि पाचव्या अध्यायात तो यहूदी पुढाऱ्यांना चांगलाच टोचतो: तुम्ही शास्त्र शोधता, ते माझ्याविषयीच साक्ष देतं, तरी माझ्याकडे येत नाही. शब्बाथ शाळेत पाठांतराची स्पर्धा जिंकणारी मुलं बघून मला दर वेळी हीच ओवी आठवते. पाठ तर झालं, पण शेजारच्या बाकावरच्या मुलाला डब्यातलं देतोस का?

लग्नात तुम्ही पाहिलंत ते आमच्याकडे सगळीकडेच असतं. नव्या वर्षाच्या रात्री टोपलीतून वचनाची चिठ्ठी उचलायची आणि ती वर्षभर आरशाला खोचून ठेवायची. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी बारा ते तीन बसून येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार ऐकायचे. माती देताना योहान अकरा, 'पुनरुत्थान व जीवन मीच आहे.' आजीला माती दिली तेव्हा मी तिचंच बायबल धरून उभी होते. स्तोत्र १०५ च्या पानावर पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला सापडला: 'छप्पर'.

तुम्हांला स्वतः वाचून बघायचं असेल तर उत्पत्तीपासून सुरू करू नका. पुढच्या लेवीय या नियमांच्या पुस्तकात अडकाल आणि सोडून द्याल. मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे त्याने लिहिलेली येशूची कथा, घ्या, सोळाच अध्याय आहेत, दोन संध्याकाळी होतील. आणि वाचताना पटलं नाही, खटकलं, तर त्या ओळीखाली खूण करून तुमच्या मैत्रिणीच्या पाळकांना जाऊन विचारा. आजीने विचारलं होतं तसंच, वरच्या ओळींसकट.